जिलबी नको म्हणणारी माणसं

नानासो फडतरे आमच्या चाळीत, सांगलीच्या हळदपेठेमागे, शेवटच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. मूळचा कोरेगावचा. लग्नाच्या जेवणावळींत वाढपी. मी बँकेत हेडक्लार्क, अर्थशास्त्राचा पदवीधर, रोज पेपरातले शेअरचे भाव वाचणारा. आमच्या दोघांत पैसा कुणी कमावला असेल, हे मीही चुकीचंच ओळखलं असतं.

त्र्याण्णव साली गुजरातेतल्या एका औषध कंपनीचे शेअर विक्रीला आले. मधुमेहाच्या गोळ्या बनवणारी कंपनी. फॉर्म आमच्याच बँकेत भरायचे होते. रांगेत नानासो दिसला आणि मला हसू आवरेना.

“नानासो, तुला काय कळतं रे शेअरमधलं?”

“शेअरातलं न्हाई कळत सायेब, पन जिलबीतलं कळतंय. धा वर्सांमागं जिलबी घिऊन फिरलो की पंगतीत एखादा म्हातारा ताटावर आडवा हात धरायचा. आता कितीबी आग्रह करा, पंधरा-पंधरा जन ‘शुगर हाय’ म्हनत्यात. चाळिशीतली मानसं! ही समदी गोळ्या खानारच की.”

त्यानं साठवलेलं सगळं घालून दहाच्या भावानं पाचशे शेअर घेतले. मी माझे पैसे सागवानाच्या झाडांच्या योजनेत घातले. सागवानवाले शहाण्णवच्या उन्हाळ्यात ऑफिसला कुलूप लावून गेले, आणि नानासोचा शेअर तोवर दीडशेवर पोचला. कंपनी वजन उतरवायची गोळीही काढणार अशी बातमी आली, तर हा म्हणतो, “काढनारच! पंगतीतनं उठताना लोक आता लय कण्हत्यात.”

माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी मी आधी त्याच्याच कंपनीचा भाव बघायचो. दोन रुपयांनी उतरलेला दिसला की दिवस बरा जायचा. पुढे डॉक्टरांनी मलाच मधुमेहाची गोळी सुरू केली, ती नेमकी त्या कंपनीची निघाली. मी हुज्जत घालून दुसऱ्या कंपनीची, महागडी गोळी लिहून घेतली. त्याच्या नफ्यात माझा एक पैसा जायला नको होता.

“तुमचं डोकं फिरलंय,” माझी बायको शरयू म्हणाली.

फिरलंच होतं. चाळीतले लोक पैसे कुठे गुंतवायचे हे विचारायला पूर्वी माझ्याकडे यायचे. आता माझ्या दारावरून पुढे, त्याच्या खोलीकडे जात होते.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात नानासो लग्नाच्या कामाला महाबळेश्वरला गेला असताना त्याचं रजिस्टर टपाल आलं. मी सही करून घेतलं. पाकीट उजेडात धरलं. बोनस शेअरांचे कागद होते. पाचशेचे हजार झाले होते. पाकीट मी कपाटात पँटींच्या घड्यांखाली सरकवलं. चोरी करायची नव्हती, त्याच्या नावाचे शेअर मला विकताही आले नसते. त्याची झोप उडावी, कंपनीला पत्रं लिहून लिहून तो मेटाकुटीला यावा आणि शेवटी त्यानं माझ्या दारात येऊन ‘सायेब, काय करू?’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

तो परत आला. आठवडा गेला, महिना गेला, तरी दारात येईना. झोप माझीच उडाली. शेवटी नळावर मीच त्याला गाठलं.

“काय रे, बोनसचे कागद आले का?”

“आलं की! पोस्टमन म्हनला, सायबांनी सही करून घेतलं. म्हनलं, मग काय घोर न्हाई. माज्या खोलीत उंदरं लय हायती. थांबा, आदीचंबी देतो. तुमच्याच कपाटात ऱ्हाऊ द्या.”

बादली तिथंच ठेवून तो आत गेला. तेलकट पिशवीतले सगळे कागद माझ्या हातात दिले आणि पुन्हा पाणी भरू लागला.

मला शरम वाटली. पण त्याच्याही आधी काय वाटलं सांगू? हेवाच. दुसऱ्यावर इतकं निर्धास्त विसंबणं मला या जन्मात जमलेलं नाही.

घरी येऊन पिशवी मी त्या पाकिटाशेजारी ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली शरयूच्या हातात दिली.

“ही मला देऊ नकोस,” मी म्हणालो, “मी मागितली तरी.”