कानात सांगायचं माप

दिगंबरराव अण्णांची आणि माझी पहिली भेट जालन्यात, त्यांच्या इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये झाली. नुकतीच पदवी घेऊन मी नोकरी मागायला गेलो होतो. त्यांनी माझ्यापुढे ट्रॅक्टरचा क्रँकशाफ्ट ठेवला आणि हातात मायक्रोमीटर दिला. माप किती यायला हवं, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "ते सांगितलं तर तेवढंच येईल, न्हाई का?" नोकरी मिळाली. त्या प्रश्नामुळे मिळाली की तो प्रश्न विचारूनही मिळाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

क्रँकशाफ्टची झीज ठरवण्याची अण्णांची रीत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तिघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा फक्त अण्णांच्या कानात सांगायचा. एकाचं माप ऐकलं की दुसऱ्याचा हात तिकडेच झुकतो, असं त्यांचं मत. जो आकडा मोठ्याने बोलेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. माझ्या पहिल्या वर्षी कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा धंदा बरा चालला.

वाटूरचे बियाणे विक्रेते विलासशेठ यांची जुनी लाल स्पोर्ट्स कार आमच्याकडे आली, तेव्हा या रीतीची खरी कसोटी लागली. मुलगा नवरीला याच गाडीतून घरी आणणार, असं शेठ साऱ्या सोयऱ्यांना सांगून बसले होते आणि इंजिन ठकठक करू लागलं होतं. खोललं तर क्रँकची एक पिन झिजलेली. ती घासून गुळगुळीत करता येणार होती, पण एकदाच, कारण त्याहून बारीक झालेल्या पिनेवर बसणारी बेअरिंगं त्या गाडीसाठी कुठेच मिळत नव्हती. झीज त्यापलीकडची निघाली, तर क्रँक भंगारात आणि नवरी भाड्याच्या जीपमध्ये.

मी मोजलं, आमचे फोरमन सत्तारभाई यांनी मोजलं, अण्णांनी मोजलं. आपणही मोजणारच, म्हणून शेठही हट्टाला पेटले. त्यांचा आकडा कानात ऐकून अण्णा गंभीरपणे म्हणाले, "शेठ, कारखान्यातून निघाला तेव्हापेक्षा जाड झाला म्हनायचा तुमचा क्रँक."

 माझं आणि सत्तारभाईंचं माप जुळलं होतं, घासून भागेल असं. अण्णांचं स्वतःचं माप भंगाराचं आलं होतं. हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी काहीही सांगितलं असतं, तरी आम्ही मान डोलावली असती. त्यांनी पिन पुसली, पुन्हा मोजली आणि शेठसमोरच म्हणाले, "सत्तारभाई, माझं माप चुकलं. शेठनं आशेनं ढिलं धरलं, मी भ्यानं आवळलं. वरातीत गाडी बसली तर नाव माझं जाईल, एवढंच डोक्यात होतं."

सत्तारभाईंनी विचारलं, "मंग आज चहा कोन पाजनार, अण्णा?"

चहा अण्णांनी पाजला. क्रँक घासला. वरातीच्या दिवशी गाडी वाटूर फाट्यावर थांबली खरी, पण ती नवरीचा पदर दारात अडकला म्हणून. अण्णांनी याची दोन पाहुण्यांकडून वेगवेगळी खात्री करून घेतली.

माझे वडील दवाखान्यात होते, तेव्हा अण्णा रोज घरचा डबा घेऊन येत. रक्तदाब डॉक्टरांना एकदा आणि नर्सबाईंना एकदा, असा दोनदा घ्यायला लावत आणि दोघांनाही आकडा आपल्या कानात सांगायची विनंती करत. वडील आजारपणात हसले ते तेवढ्या वेळापुरतेच.

हा लेख लिहिताना मला सारखी शंका येते आहे की प्रेमापोटी माझंही माप ढिलं धरलं गेलं असेल. म्हणून अण्णांच्या याच गौरवग्रंथासाठी सत्तारभाईंनी काय लिहिलं आहे, ते मी विचारलेलं नाही आणि माझं त्यांना दाखवलेलं नाही. दोन्ही मापं जुळली का, ते वाचकांनी पाहावं.

शुभेच्छा मात्र कानात सांगवत नाहीत. अण्णा, तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. मोठ्याने बोललो. चहा माझ्याकडून.