हळदकुंकू लावलेला स्कोप

स्क्रीनवरची रेघ सरळ यायला हवी होती. ती सारखी वरखाली होत होती, आणि मी तर त्या ऑसिलोस्कोपला अजून काहीच जोडलं नव्हतं.

ऑसिलोस्कोप म्हणजे सर्किटमधली वीज कशी वागते ते पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र. हे जुनं, ॲनालॉग, काचेच्या ट्यूबचं धूड होतं. पुढच्या पट्टीवर हळदकुंकवाचे थर चढलेले. अनिलनं ते माझ्या दुकानात आणून टेबलावर ठेवलं.

"बाबांनी काम बंद केलं. भंगारात घालायच्या आधी म्हटलं, तुमी एकदा बघा."

अनिलचे बाबा म्हणजे नरसय्याकाका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायचे. सोल्डरिंग मला त्यांनीच शिकवलं.

"बंद का केलं?"

"कार्डं परत यायला लागली की. बाबा म्हणायचे, स्कोपवर लहर दिसतीय, कार्डाचा वीज सप्लाय खराब हाय. कपॅसिटर बदलायचे, तरी खराबच दिसायचा. मालकांनी तीच कार्डं दुसरीकडं नेली, तर फॉल्ट भलताच निघाला. मग बाबा म्हणाले, आता माझ्याच्यानं होत नाय. गाळा सोडला."

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

इनपुट ग्राउंडला टाकला, म्हणजे बाहेरचं काहीही आत येणार नाही. लहर तशीच. ट्रिगर लाइनवर केला, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या तालावर रेघ काढायला सांगितलं. लहर जागच्या जागी उभी राहिली. म्हणजे ती त्या विजेतूनच येत होती. भिंतीतली वीज उलटसुलट धावते, यंत्राला एकाच दिशेची लागते. ती तशी करताना जी लहर उरते तिला रिपल म्हणतात. ती गिळायचं काम मोठ्या कपॅसिटरचं. आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तो आतून वाळतो.

स्विच बंद, वायर बाहेर, साठलेला चार्ज काढून टाकला. या ट्यूबला हजारांत व्होल्ट लागतात. घाई करणाऱ्याच्या फोटोला हार चढतो. कपॅसिटर बदलला. लहर कमी झाली, पण गेली नाही. मग बॉडीला जोडलेला ग्राउंडचा सोल्डरचा टाका तडकलेला सापडला. तो नव्यानं मारला. रेघ मागावर ताणलेल्या सुतासारखी सरळ झाली.

काका कार्डांत जी लहर बघत होते, ती कार्डांची नव्हतीच. स्कोपची स्वतःची होती. एरवी अशी दुरुस्ती जमली की मी चहा मागवतो. त्या दिवशी मागवला नाही.

दुसऱ्या दिवशी अनिल काकांना घेऊन आला. काकांनी चष्मा वर करून ती रेघ जवळून बघितली.

"मग ती कार्डं?"

"त्यांचा सप्लाय चांगला असणार, काका. काही न जोडता रेघ कधी बघितली नाही का तुम्ही?"

"ह्याच्यावर संशय कसा घ्यायचा रे? दर खंडेनवमीला पूजा करत होतो की. मला वाटलं, माझंच डोकं चालंना."

"बाबा, परत सुरू करायचं?" अनिलनं विचारलं.

"गाळा दिला की. आणि लोकांना मीच सांगितलंय, नरसय्या संपला म्हणून. आता कुठल्या तोंडानं बोलवू?"

मी स्कोप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो हलकेच माझ्याकडे परत ढकलला.

"तुझ्याकडंच राहू दे. माझ्या घरी लई मोठा दिसंल."

काकांनी गाळा सोडायच्या आधी हा डबा कुणीतरी माझ्याकडे आणायला हवा होता. एका दुपारचं तर काम होतं. ही रुखरुख काही जात नाही.

आता खंडेनवमीला मी त्याची पूजा करतो. पण आधी इनपुट ग्राउंडला टाकून रेघ बघतो. मग हळदकुंकू.