वजनावर घेतलेला कोट

सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला एक मोठं गोदाम आहे. लोकांनी दान केलेले आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतही न खपलेले कपडे शेवटी तिथे येतात आणि पौंडावर विकले जातात. हँगर नाहीत, किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत. चाकांवरच्या निळ्या, उथळ पेट्या असतात. त्यांत ओले टॉवेल, एकेकटे बूट, झाकण हरवलेले डबे, आणि नशीब असेल तर तळाशी एखादा उत्तम लोकरी स्वेटर. नव्या पेट्यांची रांग आली की सगळ्यांनी पिवळ्या रेघेमागे उभं राहायचं. शेवटची पेटी जागेवर लागण्याआधी कुणी हात घातला तर तिथला कर्मचारी चारचौघांत झापतो. तो "गो" म्हणाला की मग कुणी कुणाचं नसतं.

मी बॉथेलहून पाऊण तास गाडी चालवत तिथे जाते. सॉफ्टवेअरमध्ये बरी नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, आणि तरीही जाते. मैत्रिणी म्हणतात, "यार, तुला काय कमी आहे? लोकांनी वापरलेलं कशाला?" दर महिन्याला नवं घेऊन सहा महिन्यांत टाकून देणाऱ्या बायकांनी मला शहाणपण शिकवू नये. त्या रेघेमागे माझ्या एका बाजूला जुनं घेऊन ऑनलाइन विकणारा धिप्पाड दाढीवाला असतो, दुसऱ्या बाजूला तीन पोरांची आई असते, आणि आम्हा तिघांचा हक्क सारखाच असतो. मला ते आवडतं. भांडावं लागतं, तेही आवडतं.

गेल्या हिवाळ्यात आई नागपूरहून माझ्याकडे आली. ती निवृत्त मुख्याध्यापिका. नागपूरच्या उन्हात आयुष्य काढलेली ही बाई इथल्या ओल्या थंडीत दोन स्वेटर घालूनही कुडकुडायची. त्याच आठवड्यात मला पेटीत एक कोट सापडला. गडद हिरवा, जाड लोकरीचा, चार काळी बटणं आणि मधलं एक पितळी. त्याची एक बाही माझ्या हातात होती, दुसरी दाढीवाल्याच्या. मी सोडली नाही. ड्रायक्लीन करून आणला आणि आईच्या खांद्यावर घातला. तिच्यासाठीच शिवल्यासारखा बसला.

"कुठून घेतलास?" तिने विचारलं.

"सेलमध्ये मिळाला," मी म्हणाले.

हे खोटं बोलायला नको होतं, कारण आईच्या फ्रॉकची गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. आजी गावात वरच्या जातीच्या घरांत अंगण झाडायची. त्या घरांतले उतरलेले कपडे तिला मिळायचे, तेही हातात नाही. ओट्यावरून खाली टाकायचे, म्हणजे स्पर्श नको. असाच एक फ्रॉक घालून आई शाळेत गेली, तर वर्गातली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "हा माझा फ्रॉक आहे." आई शाळा सुटेपर्यंत बसून राहिली. घरी आली आणि फ्रॉक चुलीत घातला. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाचं उतरलेलं कधी आलं नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला नवे कपडे व्हायचेच, मग ते साधं मांजरपाट का असेना. हे सगळं ठाऊक असून मी गप्प बसले. मला वाटलं, ते गाव तिकडे राहिलं, इथे कोण कुणाला ओळखतं?

दोन आठवड्यांनी एका मराठी घरी पॉटलक होतं, प्रत्येकाने आपला एक पदार्थ घेऊन जायचं जेवण. तिथे एक डॉक्टर काकू भेटल्या, तीस-पस्तीस वर्षं अमेरिकेत राहून रिटायर झालेल्या. आईकडे बघून त्यांनी टाळीच वाजवली.

"अय्या, हा तर माझा कोट! मी डोनेट केलेला. हे पितळी बटण मीच लावलंय, ह्यांच्या ब्लेझरचं. काय सुरेख दिसतोय हो ताई तुम्हाला! अजून दोन-तीन पडलेत कपाटात, देते पाठवून."

सगळे कौतुकाने हसले. कुणीतरी "स्मॉल वर्ल्ड!" म्हणालं. काकू मनाने वाईट नव्हत्या, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. वाईट असत्या तर तिथेच तोंड सोडलं असतं. आईने एकेक बटण काढलं, कोटाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. निघताना ती नुसत्या साडीवर पावसातून गाडीपर्यंत चालत गेली.

आई फार चिडली की तिची शाळेतली मराठी गळून पडते. अर्धा रस्ता झाल्यावर ती बोलली, "मले काहून नाही सांगितलं?"

मी वायपरचा वेग वाढवला.

"जुनं हाय म्हणून नाही म्हणत मी. माह्या अंगावर काय हाय ते तिले माहीत, अन् मलेच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे त्या वर्गात तिच्या वाट्याला आलं होतं, तेच मी, तिच्या पोटच्या मुलीने, तिला पुन्हा दाखवलं होतं. पुढचे काही दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. कोट गाडीच्या मागच्या सीटवरच पडून राहिला.

शुक्रवारी दाराशी कपड्यांनी भरलेली एक पिशवी आली. वर चिठ्ठी होती: "संकोच करू नका." आईने ती दोनदा वाचली. पिशवी उघडलीसुद्धा नाही.

"तो कोट खरा जिथून आणलास, ती जागा उद्या मला दाखव," ती म्हणाली. "आणि ही पिशवी गाडीत ठेव."

शनिवारी साडी, स्पोर्ट्स शूज आणि माझे जास्तीचे रबरी हातमोजे अशा थाटात आई पिवळ्या रेघेमागे उभी राहिली. पहिल्या रांगेला ती हललीच नाही. शाळेत तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखी नुसती बघत होती.

"इथे देणारं कुणी नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"कुणाचे आभार मानायचे?"

"वजन करणाऱ्याला थँक्यू म्हणायचं. तोही आपल्याला म्हणतो."

दुसऱ्या रांगेला "गो" ऐकू आलं आणि आई पेटीत कोपरापर्यंत घुसली. एक राखाडी मफलर तिच्या हाती लागला. त्याचं दुसरं टोक नेमकं दाढीवाल्याच्या हातात होतं. तो तिच्या दुप्पट उंच. आईने मान वर केली आणि अख्खा वर्ग चिडीचूप करणाऱ्या आवाजात म्हणाली, "सोड."

त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्याने सोडला. हसून म्हणाला, "ऑल युअर्स, मॅम."

"काय म्हणतो?"

"तुझाच आहे म्हणतो."

आईने मफलर स्वतः तराजूवर ठेवला, स्वतःच्या पर्समधून पैसे दिले, आणि वजन करणाऱ्याने थँक्यू म्हटल्यावर मान डोलावली. माझ्याशी मात्र अजून कामापुरतंच बोलत होती. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "त्या बाईंकडे घे."

काकूंच्या घरासमोर गाडी थांबताच तिने मागच्या सीटवरचा कोट उचलून अंगात घातला आणि पिशवी हातात घेतली. मी ओळखलं, आता दोन्ही परत जाणार. तो कोट मी जीव तोडून मिळवला होता, आणि तो माझ्याच खोटेपणाने घालवला होता.

काकूंनी दार उघडलं. आईने पिशवी पायपुसण्यावर ठेवली.

"अहो ताई, परत कशाला? मी मनापासून दिलं होतं."

"ते कळलं मला," आई म्हणाली. "पण दिलेलं आम्ही घालत नाही."

काकूंची नजर पिशवीवरून कोटावर गेली. "मग हा..." म्हणत त्यांनी हात थोडा पुढे केला.

आईने मधलं पितळी बटण लावलं.

"हा नाही मिळायचा," ती म्हणाली. "हा माझ्या मुलीनं घेतलाय."