कधीच बंद न पडलेली गाडी

"माझी गाडी आजवर रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही," असं शाळेतले हेडक्लार्क येईल त्याला ऐकवत. बंद पडायला ती आधी रस्त्यावर यावी लागते, हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. दोन वर्षं दहा जणांचं डोकं खाऊन त्यांनी कमी पेट्रोल पिणारी, भरवशाची छोटी गाडी निवडली आणि शाळेत पायीच जात राहिले.

आज दुपारी बायकोच्या थोरल्या बहिणीचं परगावी ऑपरेशन होतं. बायको सकाळीच पिशवी भरून दारात उभी राहिली.

"एवढ्या लांब? इंजिनाला सोसायचं नाही. बस आहे की!"

"बस संध्याकाळी पोचते. ताईला आत नेण्याआधी मला भेटायचंय. अहो, ही गाडी आहे की घरजावई?"

हेडक्लार्क फडकं घेऊन गाडी पुसायला बाहेर निघून गेले.