कुमुदकाकूंच्या घरचे पाहुणे

पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि माझं नाव विचारायच्या आधीच म्हणाल्या, "ये. सकाळपासून चौसष्ट जण येऊन गेले. तू पासष्टावा. जोडे तिकडे ठेव."

मी जोडे ठेवले. कोपऱ्यात माझ्या जोड्यांशिवाय फक्त काकूंचे बर्फातले बूट होते. घरात चिटपाखरू नव्हतं. बाईंचा एखादा स्क्रू ढिला झालेला दिसतो, असा निकाल मी मनातल्या मनात देऊन टाकला. अमेरिकेत, श्रूजबरी गावात येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. मानसीला, म्हणजे माझ्या बायकोला, मराठी पुस्तकं हवी होती. काकूंच्या बेसमेंटमध्ये हजारभर मराठी पुस्तकं आहेत आणि त्या ती कुणालाही वाचायला देतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी आपला हमाल म्हणून गेलो होतो.

पुस्तकं काढून झाल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिजवर ठेवलेला एक काळा डबा दाखवला. आकाराने हातात मावेल एवढा. त्याच्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. "माझे पाहुणे इथून ये-जा करतात," त्या म्हणाल्या. मी नेटवर्कमधला माणूस. तो डबा काय आहे ते एका नजरेत कळलं आणि माझं हसू जिरलं.

एक देश आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. माझ्या कंपनीच्या करारात ते बसत नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढी हिंमतही नाही. तिथल्या सरकारने बाहेरच्या बातम्या, बाहेरचे फोन, गप्पा मारायची अ‍ॅपं, सगळं बंद करून टाकलं आहे. लोक व्हीपीएन लावून त्यातून वाट काढतात. मग सरकार व्हीपीएनही शोधून शोधून बंद करतं. मग लोक आणखी आडवाटेने जातात. जगभरातली साधीसुधी माणसं आपल्या घरी असा एखादा डबा चालू ठेवतात, आणि त्या देशातला माणूस आधी त्या घरात येतो, तिथून पुढे हवं तिकडे जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी अमेरिकेतल्या मावशीला व्हिडिओ कॉल लावलाय. कोण आलं, कुठे गेलं, काय वाचलं, हे डब्याच्या मालकालाही कळत नाही. दिवसभरात किती जण आले, एवढाच आकडा दिसतो. काकू तो आकडा रोज सकाळी चहा घेताना पाहायच्या आणि जो भेटेल त्याला सांगायच्या.

काकू मूळच्या नागपूरच्या. डॉक्टर नवऱ्याबरोबर लग्नानंतर इकडे आल्या, दोन वर्षं घरात बसून कंटाळल्या आणि इथल्याच एका लायब्ररीत चिकटल्या त्या निवृत्त होईपर्यंत. पन्नास वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांची बोली नागपूरचीच होती. डब्याचं वेड त्यांना काकांच्या शेवटच्या आजारपणात लागलं. काकांना व्यायाम द्यायला एक मुलगी घरी यायची, ती त्या देशातली. एकदा तिचं तिच्या आईशी अठरा दिवस बोलणं झालं नाही. अठराव्या दिवशी ती काकांचा पाय हातात धरून रडली. तिनेच पुढे काकूंना हा डबा आणून दिला आणि लावूनही दिला. आता ती कॅलिफोर्नियात असते. डबा काकूंकडेच राहिला.

"काकू, पण तुम्हाला काय माहीत, येणारी माणसं कशी आहेत ते?" मी विचारलं होतं. नेटवर्कवाल्याच्या तोऱ्यात.

"काऊन रे, तू आत्ता चार पुस्तकं घेतली. मी विचारलं, कशाला पाहिजे म्हणून?" काकू म्हणाल्या. "सव्वीस वर्षं लायब्ररीत बसले मी. पुस्तक नेणाऱ्याला कारण नसते विचारत. परत कधी आणणार, एवढंच विचारायचं."

मला हे वाक्य इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते दोघांना ऐकवलं. ते आवडण्यामागे माझा स्वार्थ होता, हे मला फार नंतर कळलं.

मी काय काम करतो, ते काकूंना मी कधीच नीट सांगितलं नाही. "नेटवर्किंगमध्ये आहे," एवढंच. आमची कंपनी इंटरनेटच्या मोठमोठ्या वाटांवर बसवायची यंत्रं बनवते. वाटेवरून जाणारी रहदारी कसली आहे, हे यंत्र ओळखतं. आमच्याकडे 'अडवणं' हा शब्द कुणी उच्चारत नाही. 'व्हिजिबिलिटी' म्हणतात. आपण फक्त ओळखून द्यायचं, पुढे काय करायचं ते ग्राहक ठरवतो, आणि ग्राहकाला कारण विचारायचं नसतं. काकूंचं वाक्य मला एवढं का भावलं, ते लक्षात आलं असेल.

त्या वर्षी माझ्या टीमकडे एक काम आलं. आडवाटेची ही रहदारी खऱ्या व्हिडिओ कॉलमधून वेगळी काढायची. काम काही केल्या जमेना. प्रयोगशाळेत आम्हीच तयार केलेले खोटे नमुने होते. त्यांच्यावर शिकलेलं आमचं यंत्र खऱ्याखुऱ्या मावशांचे कॉलही पकडायचं आणि ग्राहक बोंब मारायचा. त्यात कंपनीत माणसं कमी करायची कुजबुज सुरू झाली. मी एच-वन व्हिसावर. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. मानसीला सातवा महिना होता. एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाला, "आपल्याला खरी माणसं वापरत असलेला एखादा नमुना मिळाला, तर आठवड्यात काम होईल."

मला मिळाला होता. फ्रिजवर होता.

हे मी कुणाच्या दबावाखाली केलं असं म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन शनिवारी काकूंकडे गेलो आणि म्हणालो, "काकू, तुमच्या डब्याची सेफ्टी चेक करतो. एक छोटं यंत्र मधे लावून ठेवतो आठ-नऊ दिवस."

"पाहून घे ना बाप्पा," काकू खूश होऊन म्हणाल्या. "मला त्याच्यातलं काय समजते? आपल्या घरचा माणूस असला की किती बरं असते."

मी स्टुलावर चढून यंत्र लावत होतो तेव्हा त्या खाली स्टूल धरून उभ्या होत्या. मी पडेन म्हणून. मग त्यांनी गोळाभात वाढला. वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. मी दोनदा मागून घेतला.

त्या यंत्रात कुणाचं नाव आलं नाही, कुणाचा मजकूर आला नाही. तेवढी लाज मी राखली, असं मी स्वतःला सांगत असे. कांबळं पांघरून चाललेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, पण चालीवरून तो ओळखू येतो; मी फक्त चाल टिपली. पहिला निरोप केवढा, दुसरा किती वेळाने, मधे थांबतो किती. नऊ दिवसांत ती चाल आमच्या यंत्राला पाठ झाली. साहेबाने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. माणसं कमी केली त्यात माझं नाव नव्हतं. आमची मुलगी झाली तेव्हा काकू बाळंतविडा घेऊन हॉस्पिटलात आल्या. आत डिंकाचे लाडू होते आणि स्वतःच्या हाताने शिवलेली तीन झबली.

आमच्या यंत्राची नवी आवृत्ती ग्राहकाकडे, म्हणजे त्याच देशात, गेली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी काकूंचा फोन आला. "समीर, बघ ना रे, काही बिघडलं का? काल फक्त अकरा जण आले. आज तं कोणीच नाही."

मी गेलो. डबा खाली काढला, वायरी काढल्या, पुन्हा लावल्या, लॅपटॉपवर गंभीर चेहऱ्याने काहीबाही पाहिलं. नाटक मला छान जमलं. शेवटी म्हणालो, "काकू, डबा जुना झालाय." त्यांनी लगेच नवा मागवला आणि तोही मीच लावून दिला. कुणीही येणार नाही हे माहीत असताना दिवा हिरवा लागल्यावर मी म्हणालो, "आता बघा." काकूंनी त्या डब्याला हळदीकुंकू लावलं. मी तिथेच उभा होतो.

आकडा शून्यावरून हलला नाही. काकू मात्र कुणालाही दोष देईनात, आणि तेच मला सोसेना. त्या दिवसेंदिवस स्वतःलाच बोल लावू लागल्या. "माझ्याच हाताने काही बटण दाबल्या गेलं असेल. फडकं मारताना धक्का लागला असेल." मी त्यांच्याकडे जाणं टाळू लागलो. बाळाचं निमित्त हाताशी होतंच. मग मार्चमधल्या एका रविवारी त्यांनीच बोलावून घेतलं. वळचणीवरून बर्फ वितळून टपटपत होता. त्यांनी एक ईमेल लिहिला होता, तो पाठवण्याआधी मी वाचावा अशी त्यांची इच्छा होती. ज्या संघटनेतर्फे हे डबे चालतात, तिला लिहिलेला. लायब्ररीतल्या पद्धतशीर इंग्रजीत त्यांनी लिहिलं होतं, की मी एक वयस्क बाई आहे, माझ्या निष्काळजीपणामुळे काही लोकांची गैरसोय झाली आहे, शक्य असल्यास त्यांच्यापर्यंत माझी क्षमायाचना पोचवावी.

मी तो वाचला आणि सगळं सांगून टाकलं. यंत्र, नऊ दिवस, कंपनी, ग्राहक. काकूंनी उठून गॅस बंद केला.

"इथे बसून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जेवून?"

"हो."

मग मी जे करू नये ते केलं. स्वतःची बाजू मांडली. म्हणालो, "काकू, आम्ही फक्त ओळखून देतो. ते कशाला हवंय, हे आम्ही विचारत नाही. तुम्हीच म्हणायचात ना..."

"पुस्तक मागणाऱ्याला नसते विचारत," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दुसऱ्याच्या दाराला लावायला कुलूप मागून राहिला, त्याला विचारा लागते. एवढं तं तुझ्या आईनंही शिकवलं असेल."

आता त्या मला घराबाहेर काढतील असं वाटलं, आणि काढावं असंही वाटलं. त्या माझ्याकडे वळल्या, तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, घाबरल्या होत्या.

"समीर, एक सांग. खरं सांग. ते लोक नुसते अडतात, का सापडतात?"

आमच्या यंत्रात एक तक्ता आहे. कोणत्या क्षणी, कोणत्या जोडणीवरून, आडवाटेने जायचा प्रयत्न झाला, ते त्यात उमटतं. त्या तक्त्यात आधी जोडणी घेणाऱ्याच्या खाते क्रमांकाचा रकाना नव्हता. विकत घेणाऱ्यांच्या खास विनंतीवरून तो वाढवला गेला. वाढवणारा मी. एका दुपारचं काम होतं. क्रमांकावरून नाव आणि नावावरून घर काढायला तिथल्या सरकारला किती वेळ लागत असेल, याचा मी त्या दुपारी विचार केला नव्हता. नंतर केला होता.

"नुसते अडतात, काकू," मी म्हणालो. "सापडत नाहीत."

काकूंनी डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला, की मला तो ऐकू आला. "मग होऊ दे बापा," त्या म्हणाल्या. "अडलेला माणूस दुसरी वाट काढते. माझ्या दारातून धरून नेलं असतं कोणाला, तं मी काय केलं असतं?" त्या उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू चुकला. पण येऊन सांगितलं. लेकरू लहान आहे तुझं. नोकरी सोडून दे असं नाही म्हणत मी. दुसरी पाहत राहा." मग त्यांनी गॅस पुन्हा लावला.

त्यांनी मला माफ केलं ते त्या उत्तरावर. खरी माफी मागायला मी आज जाईन, उद्या जाईन, असं म्हणत राहिलो. जूनमध्ये काकू दुपारच्या झोपेतच गेल्या.

त्यांची मुलगी नंदिनीताई दुसऱ्या राज्यातल्या नोव्हाय गावाहून घर आवरायला आली. वयाने माझ्याहून पंधरा वर्षं मोठी, जन्म इथलाच. खोकी उचलायला मी गेलो होतो. दुपारी आम्ही दोघं बेसमेंटच्या पायरीवर टेकलो तेव्हा ती म्हणाली, "आई विंटरमध्ये झोपतच नव्हती, यू नो? रोज मला कॉल करायची, म्हणायची, माझ्यामुळे त्या लोकांना काही झालं तर? मग तू एक दिवस आलास. त्यानंतर शी स्लेप्ट. म्हणायची, समीरने सांगितलंय, ते सगळे सेफ आहेत. थँक यू, समीर. रिअली." मग तिने विचारलं, "ते सेफ आहेत ना?"

मी अजून त्याच कंपनीत आहे. ग्रीन कार्डचा अर्ज केलेला आहे. हे लिहितोय ते कुणी वाचलं तर काय होईल, याचा विचार करूनच नावं बदलली आहेत. म्हणजे इथेही आधी स्वतःची सोय पाहिली आहे. काकूंबद्दल लिहायला बसलो होतो, त्यांच्या पुस्तकांबद्दल, त्यांच्या गोळाभाताबद्दल, आणि निम्म्या जागेत मीच येऊन बसलो.

नंदिनीताई उत्तराची वाट पाहत होती. डोळे हुबेहूब काकूंचे होते.

मी म्हणालो, "हो, ताई. सगळे सेफ आहेत."