विरोधी बाकावरचे अण्णा

अण्णांसोबत एकदा चहा घेतलेल्या माणसाकडेही त्यांचा एखादा किस्सा असतोच. माझ्याकडे जरा जास्त साठलेत. ऐंशीच्या दशकात ते आमचे खासदार होते, विरोधी पक्षाचे. मी मालवणात शाळामास्तर. शाळा सुटली की त्यांचं टपाल बघायचो.

एकदा दिल्लीला गेलो तेव्हा त्यांनी मला लोकसभेच्या गॅलरीत बसवलं. बजेटवर चर्चा चालली होती. अण्णा काडेपेटीवरच्या करावर बोलायला उठले. "अध्यक्ष महोदय, या काडीवर कारखानदार आणि त्याचा हमाल सारखाच कर भरतात. सरकारने देशात आणलेली समता ती एवढीच."

अर्थमंत्रीसुद्धा हसले. कर मात्र तसाच राहिला.

हेच त्यांनी शिरोड्याच्या सभेत समजावून सांगितलं. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मगे आमी काडी पेटवची नाय?"

"पेटवा तर," अण्णा म्हणाले. "पण पेटवताना सरकाराची आठवण काढा."

चहाच्या वेळी अर्थमंत्र्यांनी त्यांना एकदा गाठलं. "दरवर्षी टीका करता, कधी काही सुचवा की."

"सुचवलं आणि तुम्ही ते केलंत, तर पुढच्या वर्षी मी बोलू काय?"

हे अण्णांनीच मला सांगितलं. खरं तर त्यांच्या प्रत्येक भाषणात पाच-सहा सूचना असायच्या. त्या कोणी वाचत नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं. पण ते बोलायचे असंच.

अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्यांना एकदा म्हणाल्या, "दिल्लीत म्हागाईवर बोलतास, एकदा बाजारात जावन बांगडे तरी हाडा." अण्णा पिशवी घेऊन निघाले. दुपार टळल्यावर परतले ते रिकाम्या पिशवीने. बर्फ, डिझेल, दलाल असं सगळं विचारता विचारता बाजार उठला होता.

"बांगडे खंय?"

"म्हागाईची कारणां समाजली."

"मगे आता तीच शिजवतंय," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचा भाऊ बाबल. त्याचे मालवणात दोन ट्रॉलर होते. किनाऱ्यावरून रापणीची जाळी ओढणाऱ्यांना या ट्रॉलरांमुळे मासळी मिळेनाशी झाली होती. अण्णा लोकसभेत म्हणाले, "सरकार एका हाताने ट्रॉलरला स्वस्त कर्ज देतं आणि दुसऱ्या हाताने रापणकाराला मदत जाहीर करतं. पहिला हात आवरला तर दुसऱ्याची गरजच पडणार नाही."

भाषण पेपरात आलं आणि बाबलने बहिणीच्या घरी यायचं सोडलं. चतुर्थीलाही आला नाही. पुढच्या निवडणुकीत त्याने आपली जीप समोरच्या उमेदवाराला दिली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्येचो धंदो आसा." त्यानंतर त्यांनी भावाचं नाव काढलं नाही.

अण्णा पडले.

निकालाच्या संध्याकाळी आम्ही चार-पाच जण ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात बाबल आला. हातात भली मोठी सुरमई. पायरीवरच उभा राहिला. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

अण्णांनी सुरमईकडे बघितलं. "तुझ्या ट्रॉलराची?"

"न्हय, भावजी." बाबलची मान खाली होती. "रापणकारांकडसून इकत हाडलंय."

अण्णा वहिनींकडे वळून म्हणाले, "तवो ठेव गो."