खडूचा गोल

दत्तूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात, संघटना विकासाच्या कार्यशाळेत बसले होते. सकाळी धार काढून गोठ्यातच टेकले आणि पुन्हा उठलेच नाहीत, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. मी आत आले तर आमचे मोठे साहेब पडद्यासमोर सांगत होते, शिफ्ट बदलताना दहा मिनिटं एकत्र थांबायची पद्धत कंपनीने कशी रुजवली. महिना झाला, तरी तो 'रुजवली' शब्द आठवला की तळपायाची आग मस्तकाला जाते. तिथेच उठून बोलायला हवं होतं. नाही बोलले, म्हणून इथे लिहिते आहे.

ती पद्धत दत्तूभाऊंची होती. तिकोणा पेठेतला हा शेतकरी माणूस आमच्या तळेगावजवळच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. मी तिथे एचआरमध्ये. शिफ्ट संपली की मशीनचा जो भाग कुरकुरतोय त्याभोवती भाऊ खडूने गोल काढायचे. पुढच्या माणसाने तिथे हात लावून पाहिल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. वहीत का लिहीत नाही, असं मी विचारलं होतं. "मॅडम, वही वाचली का न्हाई ते कळत न्हाई. मानसाच्या तोंडाकडं बगितलं की कळतं."

मग सुधारणा आली. बाहेरच्या सल्लागारांनी ती दहा मिनिटं वाया जातात असं ठरवलं, आणि मशीन चकाचक दिसावं म्हणून खडूही बंद केला. कामगारांचं मत घ्यायला बैठक झाली. भाऊंनी एवढंच विचारलं, "आमी सांगू, पन तुमी त्यातलं कायतरी करनार हाय का?" सगळे हसले. मीही हसले... खडूबंदीची नोटीस माझ्याच सहीने लागली.

दोनच आठवड्यांत, भाऊंनंतरच्या शिफ्टला त्याच मशीनवर येणाऱ्या तुकारामची दोन बोटं प्रेसखाली गेली. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेली जाळी सैल झालेली भाऊंना आदल्या शिफ्टलाच कळली होती. नव्या नियमाप्रमाणे त्यांनी वहीत लिहिलं आणि वेळेवर बाहेर पडले. वही कोणी उघडलीच नाही. चौकशीत निष्काळजी ठरला तो तुकाराम. भाऊ माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "मी थांबाय पायजे व्हतं, मॅडम. तुमच्या नोटिशीला भ्यालो."

दुसऱ्या दिवसापासून ते खडू घेऊन पुन्हा थांबू लागले. कंपनीची बस चुकायची, तरी थांबायचे. हळूहळू सगळेच थांबायला लागले. त्यांना मेमो द्यायचा मला हुकूम होता, तो मी दिला नाही. पुढे कोणाला इजा झाली नाही, तेव्हा वरच्यांनी त्या थांबण्याला इंग्रजी नाव देऊन फलक लावला. फलकावर भाऊंचं नाव नव्हतं. काम करणाऱ्याला विचारायचं आणि त्याचं ऐकायचं, एवढंच तर ते संघटना विकासाचं शास्त्र आहे. आमच्याकडे विचारण्याचा खर्च होतो, ऐकायला कोणाला फुरसत नाही.

दहाव्याला तिकोणा पेठेत गेले. गोठ्याच्या दारावर, बिजागरीभोवती, खडूचा गोल होता. "सैल झालीया ती," मुलगी म्हणाली. "मला दाखवनार व्हते, ऱ्हायलं." मी त्या गोलावर बोट ठेवलं, आणि तिने हात लावून पाहीपर्यंत जागची हलले नाही.